एक पाय अनवाणी

पोलीस खात्यात छत्तीस वर्षे काढली. वर्दी ट्रंकेत गेली आणि बहुतेक प्रकरणांचे तपशील हळूहळू एकमेकांत मिसळून गेले. बुऱ्हाणपूरच्या एका मे महिन्यातला एक दिवस मात्र सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा माझ्याजवळ आहे. त्या प्रकरणात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाला शिक्षाही झाली नाही. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या, त्याही चुकीच्या. तरी नोकरीतला कोणता दिवस पुन्हा जगायला आवडेल असे कोणी विचारले तर मी तोच सांगेन. आणि कोणता क्षण पुसून टाकायला आवडेल असे विचारले, तर तोही त्याच दिवसातला आहे.

मी तेव्हा शहराला लागून असलेल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. बहादरपूरच्या पुढची केळीची गावे आमच्या हद्दीत येत. त्यांतल्याच एका गावात हे घडले. गावाचे आणि माणसांची नावे लिहीत नाही, कारण त्या दोन मुली आता मोठ्या झाल्या आहेत. त्यांची गोष्ट त्यांना हवी तशी त्यांनी सांगावी.

मे महिन्यात आम्ही कामे सकाळीच उरकून घेत असू. आठला गणना, म्हणजे हजेरी, मग समन्स-वॉरंट वाटून शिपाई बाहेर. अकरानंतर रस्त्यावर कुत्रेही दिसत नसे. साडेअकराला मी माठाजवळ पाणी पीत उभा असताना गावचा कोटवार, म्हणजे गावातला सरकारी चौकीदार, धापा टाकत आत आला. त्याच्या मागे एक शेतकरी, त्याची बायको आणि आणखी आठ-दहा माणसे.

"साहेब, दोन पोरी गायब आहेत. सकाळपासून पत्ता नाही."

मोठी नऊ वर्षांची, धाकटी सात. दोघी मावसबहिणी. धाकटी या शेतकऱ्याची मुलगी. मोठी सुट्टीत मावशीकडे आलेली. तिचे वडील मूळचे महाराष्ट्रातले, कागद गिरणीत नोकरीला, आणि ती गिरणीच्या वसाहतीत वाढलेली. सकाळी आठला चहा-पोळी खाऊन दोघी अंगणात खेळत होत्या. दहाला मावशीने जेवायला हाक मारली तेव्हा अंगण रिकामे होते. शेजारपाजार, देऊळ, शाळेचे मैदान, धाकटीच्या काकांचे शेत, नदीचा घाट, सगळे पाहून झाले होते.

मावशी एकच वाक्य पुन्हा पुन्हा बोलत होती. "बहीनची पोर हाय साहेब. मी तिले काय तोंड दाखवू?"

अठरा वर्षांखालचे मूल हरवले की नुसती बेपत्ता नोंद करून चालत नाही. अज्ञात इसमाविरुद्ध अपहरणाचा गुन्हा नोंदवावाच लागतो. तो नोंदवला, कंट्रोल रूमला वायरलेस केला, मुलींचे फोटो सगळ्या ठाण्यांना पाठवले, महाराष्ट्राच्या सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. हे सगळे हात सवयीने करत होते. डोक्यात दोनच गोष्टी होत्या, ऊन आणि विहिरी. त्या भागात शेतातल्या कितीतरी विहिरींना कठडा नसतो.

त्या दिवसांत लोकांच्या मोबाइलवर पोरे पळवणाऱ्या टोळीचे व्हिडिओ फिरत होते. कुठले, कधीचे, कोणालाच माहीत नव्हते, पण प्रत्येकाने पाहिले होते.

बाराच्या सुमारास खबर मिळाली. गावात दूध घालणारा एक माणूस स्वतःच ठाण्यात आला.

"साहेब, नऊच्या टाइमाले मी नाल्याकडच्या रस्त्यानं येऊ राहिलो होतो. निंबाच्या झाडाखाली तो सायकलवाला बसेल होता, छत्र्या-चपला शिवतो तो. त्याच्यासमोर दोन पोरी उभ्या होत्या. अन् एकीचा पाय त्यानं हातात धरेल होता."

तो हे बोलला तेव्हा दार उघडे होते. बाहेर उभ्या माणसांनी ऐकले आणि आमची जीप सुरू व्हायच्या आत चार मोटारसायकली सुटल्या. मी दोन शिपायांना मागोमाग पिटाळले.

पाऊण वाजता जीप परत आली. मागच्या सीटवर पन्नाशीचा एक किडकिडीत माणूस होता. सदरा फाटलेला, ओठ फुटलेला. शिपाई जरा उशिरा पोचले असते तर काय झाले असते याचा विचार मी आजही करत नाही. त्याची लाकडी पेटी कोणीतरी आणून माझ्या टेबलावर उलटी केली. आरी, मेण लावलेला दोरा, रबराचे तुकडे, छत्रीच्या काड्या. आणि एक लहानशी गुलाबी चप्पल, उजव्या पायाची.

मावशीने ती पाहिली आणि किंचाळून खाली बसली. चप्पल मोठ्या मुलीची होती.

फाटकाबाहेर दीड-दोनशे माणसे जमली. "बाहेरचा आहे! आमच्या ताब्यात द्या!" असा आरडाओरडा चालू होता.

मी त्याला नाव-गाव विचारले. तो फोपनारकडचा निघाला, म्हणजे आमच्याच जिल्ह्यातला. तीन वर्षे तो पावसाळ्याच्या आधी या गावांत फेरी घालत होता. बाहेर ओरडणाऱ्या निम्म्या माणसांच्या चपलांना त्याचा टाका असेल, पण त्याचे नाव त्यांच्यातल्या एकालाही माहीत नव्हते.

"पोरी कुठे आहेत?"

"मले नाही माहीत साहेब."

"मग चप्पल तुझ्याकडे कशी?"

"तिनंच देली. अंगठा तुटेल होता. मी पाय हातात घेऊन पाहिलं, म्हटलं बस पाच मिनिट, शिवून देतो. ती म्हने, टाइम नाही बाबा, येताना घेऊ."

"कुठे चालल्या होत्या?"

तो जरा घुटमळला. मग म्हणाला, "म्हने, आम्ही हरपायले चाललो."

हरपायले म्हणजे हरवायला.

शेजारी उभा असलेला माझा एएसआय, म्हणजे सहायक उपनिरीक्षक, म्हणाला, "साहेब, दहा मिनिटं माझ्याकडे द्या याला." बाहेर आवाज वाढत होता. आतल्या खोलीत ती बाई रडत होती. आणि हा माणूस मला सांगत होता की मुली हरवायला गेल्या. मला वाटले, हा माझी थट्टा करतो आहे. मी त्याच्या थोबाडीत मारली.

फुटलेला ओठ पुन्हा वाहू लागला.

मार बसला की माणूस आधी स्वतःला सांभाळतो. कोणी देवाची शपथ घेतो, कोणी पाया पडतो, कोणी दुसऱ्याचे नाव पुढे करतो. हे मी शेकडो वेळा पाहिले होते. या माणसाने बाहीने ओठ पुसला, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले आणि म्हणाला,

"एक वाजून राहिला साहेब. तिचा उजवा पाय अनवाणी हाय. जमीन तव्यासारखी तापली असंन. माझं काय करायचं ते नंतर करा. आधी कोनाले तरी चप्पल घेऊन पाठवा."

मी शिपायाला विचारले, "हा सापडला कुठे?"

"तिथंच साहेब. निंबाखाली बसलेला होता."

"नऊपासून तिथेच?" मी त्याला विचारले. "का बसून राहिलास?"

"पोरी येतील म्हनून. येताना घेऊ म्हने ना. चप्पल शिवून ठेवेल होती. मी निघून गेलो तर पोरगी लंगडत घरी जाईन, अन् तिले घरी बोलनी बसतील."

मी चप्पल उचलून पाहिली. अंगठ्याला नवा, घट्ट टाका होता. मुले पळवणारा माणूस त्यांची चप्पल शिवून त्याच झाडाखाली साडेतीन तास बसून राहत नाही. तो कुठे सापडला, हा प्रश्न मी सर्वांत आधी विचारायला हवा होता. 'पाय धरेल होता' या तीन शब्दांनी माझे डोळे झाकले होते.

मी खुर्ची पुढे केली, पाणी मागवले. तेव्हापासून माझ्या तोंडून आपोआप 'तुम्ही' निघू लागले.

"त्या आणखी काय बोलत होत्या? आठवून सांगा."

"मोठी धाकटीले समजावू राहिली होती. म्हने, ओळखीचं काही दिसलं का तिकून मागं फिरायचं. मंदिर दिसलं का दुसरीकडं वळायचं. ओळखीचा मानूस दिसला का लपायचं. मले हसू आलं. मी म्हटलं, पोरीहो, दुपार व्हायच्या आत या."

माझा पेन थांबला. हा नियम मला माहीत होता.

मी शहरातल्या लोधीपुऱ्यात वाढलो. आठ वर्षांचा असताना एका सुट्टीच्या दिवशी शेजारच्या मित्राबरोबर मी असाच निघालो होतो. दोघांपैकी कोणीही न पाहिलेली गल्ली शोधायची, एवढेच ठरले होते. ओळखीचे दुकान दिसले की वळायचे. वळता वळता एका रंगाऱ्याच्या अंगणात पोचलो. तिथे दोरीवर ओली लुगडी टांगलेली होती आणि त्यांच्याखालून जाताना निळे-तांबडे थेंब आमच्या अंगावर पडत होते. पुढे कुठे पोचलो, आजही सांगता येणार नाही. घर कुठल्या दिशेला आहे हे दोघांनाही कळत नव्हते आणि त्याचाच आनंद पोटात मावत नव्हता. जग आपल्या गल्लीपेक्षा मोठे आहे, हे मला त्या दुपारी समजले. घरी आल्यावर मार बसला. तो मार विसरलो, ती दुपार विसरलो नाही.

म्हणजे हा माणूस खरे बोलत होता. आणि आम्ही सगळे चुकीच्या जागी शोधत होतो. देऊळ, शाळा, काकांचे शेत, नदीचा घाट, या सगळ्या मुलींच्या ओळखीच्या जागा. त्यांच्या खेळात तिथेच तर जायचे नव्हते.

मी मावशीकडे गेलो आणि विचारले, "तुमची मुलगी आजवर कुठे कधीच गेलेली नाही?"

मला वेड लागले असावे अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिले. मग म्हणाली, "नाल्याच्या पलीकडं. तिकडं आमचं वावर नाही, नातं नाही. तिकडं कायले जाईन ती?"

म्हणूनच तिकडे कोणी शोधलेही नव्हते.

एएसआयला फाटकावर उभे केले आणि आम्ही मागच्या दाराने निघालो. मी, एक महिला हवालदार आणि धाकटीचा बाप. चप्पल शिवणाऱ्याला मी माझ्या शेजारी पुढे बसवले. मागे बसलेला बाप त्याच्या मानेकडे पाहत होता. निंबाखाली पहिला हात या बापानेच उचलला होता, हे मला शिपायाने सांगितले होते.

नाला कोरडा होता. पलीकडे केळीच्या बागा लागतात. बाहेर आग ओतत असली तरी बागेत शिरले की ओल्या मातीचा गारवा असतो. चहूकडे सारखीच झाडे, सारख्याच ओळी, डोक्यावर पानांचे छत. दहा पावले आत गेले की आपण आलो कुठून हे मोठ्या माणसालाही सांगता येत नाही. हरवायला याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही.

ठिबकच्या नळीच्या कडेला माती ओली होती. तिथे चप्पल शिवणारा उकिडवा बसला.

"हे पाहा साहेब. डावी चप्पल, उजवा पाय उघडा. ही मोठी. अन् ही धाकटी, टाच बाहेरून झिजेल. सकाळीच माझी नजर गेली होती तिच्या चपलीवर. धंद्याची सवय."

त्याच्या मागे आम्ही चालत राहिलो. एरवी मी तिथून दहा वेळा गेलो असतो आणि मला फक्त चिखल दिसला असता. तो वाकून चालत होता आणि मधूनमधून स्वतःशीच बोलत होता. इथं पळाल्या. इथं थांबल्या. इथं एकमेकींच्या मागं लपल्या.

दुसऱ्या बागेच्या टोकाला ठसे सरळ एका विहिरीकडे गेले होते. कठडा नव्हता. ठसे काठापर्यंत जात होते आणि तिथे संपत होते.

बाप तिथेच खाली बसला. मी काठावर गेलो. पाणी खूप खाली होते, हिरवे, स्थिर. अशा विहिरींतून मी माणसे काढलेली आहेत. मला पाण्याकडे फार वेळ पाहवेना.

"साहेब, इकडं या." तो काठाशी गुडघे टेकून बसला होता. "हे हाताचे पंजे पाहा. हे गुडघे. पोटावर झोपून आत वाकल्या होत्या दोघी. अन् हे पाहा, मागं सरकल्या. सरकल्याचा ओरखडा हाय. त्या इथून उठल्या, अन् तिकडं गेल्या."

विहिरीच्या पलीकडच्या बाजूला पुन्हा तीच पावले होती. डावी चप्पल, उजवा पाय उघडा.

तो उठला, खाली बसलेल्या बापाजवळ गेला आणि हात धरून त्याला उभे केले.

पुढे दोन बागांच्या मध्ये कोरडी पट्टी लागली. कडेला वारा अडवायला लावलेली शेवरी, आणि तापलेली काळी जमीन. बुटातूनही चटका लागत होता. तिथे ठसे हरवले. पलीकडच्या बागेत डाव्या चपलेचा ठसा पुन्हा मिळाला, पण उजव्या पायाच्या जागी भलतेच काहीतरी होते. रुंद, सपाट, बोटे नसलेले. मला काही उलगडेना. मुलीला कोणी ओढत नेले की काय, असेही मनात येऊन गेले.

तो बसला, पाहत राहिला, बाजूला पडलेला केळीच्या खोडाचा सोललेला पापुद्रा आणि सुतळीचा तुकडा उचलला. आणि आमच्यासमोर पहिल्यांदाच हसला. ओठ फाटलेला असताना मोकळेपणी हसला.

"साहेब, पोरीनं चप्पल केली! सोपटाची! खोडाचं सोपट सोललं, पायाले गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. कोनं शिकवलं असंन हो तिले?"

एका कारागिराने दुसऱ्या कारागिराचे कौतुक करावे तसा त्याचा आवाज होता. महिला हवालदारालाही हसू आले. बापाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि तोही हसत होता.

चारच्या आधी आम्हाला मुली सापडल्या. एका जुन्या आंब्याच्या सावलीत पाण्याचा हौद होता. दोघी त्याच्या काठावर बसून पाय पाण्यात सोडून आंबा खात होत्या. शेजारी त्यांनी आपली कमाई मांडून ठेवली होती. मोराचे अर्धे पीस, सापाची कात, दोन हिरवे दगड आणि एक केळफूल.

वर्दी पाहून मोठी उभी राहिली. घाबरली नाही. तिला आमचा रागच आला होता.

"तुम्ही आम्हाला कसं काय शोधलं? आम्ही तर पूर्ण हरवलो होतो!"

मग तिला माझ्या मागे उभा असलेला माणूस दिसला. "बाबा, झाली का माझी चप्पल?"

नियमाप्रमाणे ती चप्पल मुद्देमाल होती. पंचनामा व्हायचा होता. मी ती खिशातून काढून त्याच्या हातात दिली. त्याने खाली बसून तिच्या पायातले सोपट सोडले, टाचेवरचा फोड पाहिला, हळूच चप्पल चढवली आणि विचारले, "कुठं रुतत तर नाही ना?"

धाकटी बापाच्या कडेवर होती. तो तिला घट्ट धरून हुंदके देत होता आणि ती त्याच्या कानात सांगत होती, "पप्पा, आम्ही मुंगूस पाहिला. तो उभा राहून आम्हाला बघत होता!"

वायरलेसवर सापडल्याचा संदेश दिला. परतताना मोठी माझ्या आणि चप्पल शिवणाऱ्याच्या मध्ये बसली होती. थोड्या वेळाने तिने त्याच्या तोंडाकडे पाहिले.

"बाबा, तुमच्या ओठाला काय झालं?"

तो म्हणाला, "पडलो, बाई." मागे बाप खाली मान घालून बसला होता.

मी म्हणालो, "पडले नाहीत. लोकांनी मारलं. आणि मीपण मारलं."

"का?"

"मला वाटलं, ते खोटं बोलतायत."

ती गोंधळून माझ्याकडे पाहत राहिली. "पण आम्ही तर त्यांना सांगूनच गेलो होतो!"

मुली न सांगता गेल्या, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. त्या सांगून गेल्या होत्या. ज्याला सांगितले त्याने आम्हाला जसेच्या तसे सांगितले होते. विश्वास ठेवायचे काम फक्त आमचे होते.

गावात जीप थांबली तेव्हा मी चप्पल शिवणाऱ्या बाबांना आधी उतरायला सांगितले. लोक पुढे सरसावले आणि थबकले. बाप मुलीला कडेवर घेऊनच उतरला आणि मोठ्याने म्हणाला, "या बाबांनी शोधलं पोरींना. मी यांना मारलं. तुम्ही सगळ्यांनी मारलं." मावशी घरात धावली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मुलींच्याही आधी तिने तो बाबांच्या हातात दिला. गर्दीतली बरीच माणसे मागच्या मागे निघून गेली.

मुलींचा जबाब महिला हवालदाराने घरीच, मावशीजवळ बसवून घेतला. संध्याकाळी तो माझ्या टेबलावर आला तेव्हा चार पाने भरलेला होता. कोणी नेले नाही, स्वतःच्या मर्जीने गेलो, कोणी त्रास दिला नाही, एवढ्या पाच-सहा ओळी प्रकरणाला पुरल्या असत्या. बाकीच्या पानांवर विहीर होती. त्यांनी आत हाक मारली तर विहिरीने दोघींची नावे परत दिली. केळीच्या पानांखाली सगळे हिरवे दिसत होते, हातसुद्धा. नळीखाली बेडूक होते, त्यांना नावे ठेवली. शेवटी मोठीचे एक वाक्य होते, "भीती वाटली, पण ती चांगली भीती होती." असे काही जबाबात लिहायचे नसते. हवालदाराने लिहिले होते. मी खोडले नाही. गुन्ह्याचा खात्मा झाला, म्हणजे प्रकरण बंद झाले, तेव्हा ती चारही पाने फायलीत गेली.

त्याच संध्याकाळी मी बाबांना माझ्या खोलीत बसवले आणि म्हणालो, "मारणाऱ्यांविरुद्ध तक्रार द्या. मी गुन्हा नोंदवतो."

"नको साहेब. मले याच गावांत फिरायचं हाय."

"मग माझ्याविरुद्ध?"

त्यांनी आपली पेटी जवळ ओढली. मी म्हणालो, "मी हात उचलला. चुकलो. माफ करा."

त्यांनी पेटीत आरी, दोरा, काड्या एकेक लावून ठेवल्या. मग म्हणाले, "राग आला होता साहेब. अजून हाय. माफ केलं असं म्हनत नाही. पन गाडीत तुम्ही मले पुढं बसवलं, अन् त्या पोरीले खरं सांगितलं. ते ध्यानात ठेवीन."

एवढ्या प्रामाणिकपणे माझ्याशी फार कमी माणसे बोलली आहेत. त्या दिवशीच्या रोजनामच्यात, म्हणजे ठाण्याच्या डायरीत, सगळ्या नोंदी आहेत. कोण केव्हा आले, जीप केव्हा निघाली, मुली केव्हा सापडल्या. मी मारल्याची नोंद मी केली नाही. ती करायची हिंमत तेव्हा नव्हती. म्हणून इथे करतो.

दुसऱ्या दिवशी मोठीची आई गिरणीच्या वसाहतीतून आली आणि मुलीला घेऊन मला भेटली. "साहेब, सगळे म्हणतात, हिला आता घरातच ठेव. तुम्ही सांगा, बाहेर सोडू की नको?"

पोलिसाने काय सांगायचे असते, हे ठरलेले आहे. मी मुलीकडे पाहून म्हणालो, "सोडा. पण हिने एक करायचं. हरवायला जायच्या आधी मोठ्या माणसाला सांगून जायचं."

"सांगितलं तर मग ते हरवणं कसलं?" मुलगी म्हणाली.

"कुठे जाणार ते नको सांगू. किती वाजता परत येणार, तेवढं सांग. दोन्ही पायांत चप्पल घाल. आणि ज्या विहिरीला कठडा नाही तिला लांबून हाक मार. तिला ऐकू येतं."

तिने जरा विचार केला आणि मान डोलावली. मी एका कागदावर ठाण्याचा नंबर लिहून दिला. त्या विहिरीच्या मालकाला मी स्वतः जाऊन भेटलो. पावसाळ्याच्या आधी त्याने कठडा बांधला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात सकाळी गणना चालू असताना ठाण्यातला फोन वाजला. हवालदाराने उचलला, ऐकले, रिसीव्हरवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळला. त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"साहेब, कोणी मुलगी आहे. म्हणते, आम्ही दोघी हरवायला चाललोय, बाराच्या आत परत येऊ, लिहून घ्या. काय करू?"

"लिहून घे," मी म्हणालो.

बारा वाजेपर्यंत मी घड्याळाकडे किती वेळा पाहिले, ते मोजले नाही. बाराला दहा मिनिटे कमी असताना पुन्हा फोन आला. या वेळी मीच उचलला. पलीकडून धापा टाकत एकच शब्द आला, "आलो!" आणि फोन बंद झाला.

त्यानंतर नोकरीतली उरलेली वर्षे मी चौकशीला बसलो की एक पथ्य पाळले. समोरचा माणूस न पटणारे काही सांगू लागला की आधी त्याला पाणी द्यायचे आणि पुन्हा सांगायला लावायचे. त्यामुळे कितीतरी प्रकरणे सुटली आणि कितीतरी माणसे मारातून वाचली. हे मला कोणत्याही प्रशिक्षणात शिकवले गेले नव्हते. मुलींना हसून 'दुपार व्हायच्या आत या' म्हणणाऱ्या आणि त्या येईपर्यंत झाडाखाली थांबून राहणाऱ्या एका माणसाने ते शिकवले. त्या गृहस्थांचा मी आजन्म ऋणी आहे.